‘किरणोत्सारविरोधी गोळी’ : एका शब्दप्रयोगाची झडती

मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि थोड्याच दिवसांत चीनमधील अनेक शहरांतल्या दुकानांतून मीठ नाहीसे झाले. आयोडीन किरणोत्सारापासून वाचवते, मिठात आयोडीन असते, तेव्हा मीठ खाल्ले की आपण वाचलो, असा लोकांचा सरळ हिशेब होता. जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध पिऊ नका, असेही जागतिक आरोग्य संघटनेला त्याच सुमारास सांगावे लागले. पुढे २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा युरोपातल्या औषधांच्या दुकानांत आयोडीनच्या गोळ्यांसाठी गर्दी उसळली.

अशा प्रत्येक प्रसंगी बातम्यांतून आणि बोलण्यातून एक शब्दप्रयोग हमखास डोके वर काढतो : ‘किरणोत्सारविरोधी गोळी’. त्याचेच दुसरे रूप म्हणजे ‘शरीरातला किरणोत्सार काढून टाकणारे औषध’. या लेखात आम्ही या शब्दप्रयोगाची झडती घेणार आहोत. तो निखालस खोटा असता तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. पण त्यात थोडे सत्य आहे, आणि अर्धे सत्य वर्गात शिरले की ते बाहेर काढणे शिक्षकाला फार जड जाते.

सुरुवातीला मिठाचा हिशेब करून टाकू. प्रौढ माणसासाठी असलेल्या गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड असते. अणुभार घेऊन गणित केले तर त्यात आयोडीन सुमारे १०० मिलिग्रॅम भरते. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. म्हणजे एका गोळीइतके आयोडीन मिळवायला साडेसहा किलोंहून अधिक मीठ खावे लागेल. एवढे मीठ खाणाऱ्याला किरणोत्साराची वाट पाहावी लागणार नाही! नववी-दहावीचा विद्यार्थी हे गणित पाच मिनिटांत करू शकतो. ते कोणी केले नाही, कारण ‘आयोडीन म्हणजे उतारा’ या शब्दांनी आकड्यांची गरजच उरू दिली नव्हती.

शेक आणि निखारा

या शब्दप्रयोगाचा पहिला दोष म्हणजे तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. शेकोटीजवळ फार वेळ बसले तर अंग भाजते. उठून दूर गेलो की शेक लागणे थांबते, पण जे भाजले ते भाजलेच. उलट शेकोटीतला निखारा पदरात पडला, तर आपण जाऊ तिथे तो आपल्याबरोबर येतो आणि झटकून टाकेपर्यंत जाळत राहतो. बाहेरच्या स्रोतातून आलेले गॅमा किरण शरीरातून आरपार जाणे हा झाला शेक. किरणोत्सारी पदार्थाचे कण श्वासातून, अन्नातून किंवा जखमेतून शरीरात शिरणे हा झाला निखारा. पहिल्या प्रकारात माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. त्याच्या शरीरात काढून टाकण्याजोगे काही नसतेच. दुसऱ्या प्रकारात मात्र पदार्थ आत असतो, म्हणून तो बाहेर काढण्याचा प्रश्न निर्माण होतो.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात जे घडले ते या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने गॅमा उपकरण तिथे येऊन पडले होते. त्यातला कोबाल्ट-६० चा स्रोत तोडला गेला. अनेक जण आजारी पडले आणि एक कामगार दगावला. या लोकांना झालेली इजा मुख्यतः बाहेरून आलेल्या गॅमा किरणांची होती. त्यांना ‘किरणोत्सार काढणारी’ कोणतीही गोळी देऊन उपयोग नव्हता. त्यांना लागले ते जंतुसंसर्गावरचे उपचार, रक्त, आणि मज्जेला पुन्हा काम करायला लावणारी औषधे. ‘किरणोत्सारविरोधी गोळी’ म्हणणाऱ्याच्या मनात हा फरक नसतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो कधी उगवत नाही.

आवर्तसारणीची साक्ष

दुसरा दोष एकवचनाचा आहे. ‘गोळी’ म्हटले की एकच गोळी सर्वांवर चालते असे वाटते. पण किरणोत्सार हा काही पदार्थ नव्हे. किरणोत्सारी असतात ती निरनिराळी मूलद्रव्ये, आणि शरीर त्यांना ओळखते ते त्यांच्या रासायनिक गुणांवरून. केंद्रक अस्थिर आहे की स्थिर, याचा शरीराला पत्ताही नसतो.

इथे आवर्तसारणी उघडावी. आयोडीन हवे असते थायरॉइड ग्रंथीला, म्हणून आयोडीन-१३१ तिथेच जाऊन बसते. सिझियम हे पोटॅशियमच्या गणातले, म्हणून सिझियम-१३७ पोटॅशियमच्या वाटेने सर्व मऊ ऊतींत, विशेषतः स्नायूंत पसरते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचे भावंड, म्हणून ते हाडात जाते, आणि एकदा हाडात रुजले की ते काढणारे खात्रीचे औषध नाही. प्लुटोनियम व अमेरिसियम यांचा मुक्काम यकृत आणि हाडे यांत असतो. त्यांच्यासाठी डीटीपीए नावाच्या, धातूला चिमट्यासारखे धरणाऱ्या संयुगाचे कॅल्शियम किंवा जस्ताचे क्षार शिरेतून देतात. ते लघवीवाटे धातूला बाहेर नेतात. ट्रिशियम तर पाण्याच्याच रूपात असते. नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या लघवीत ट्रिशियम आढळले. शरीरातले पाणी एरवीही साधारण दहा दिवसांत निम्मे बदलते. अशा वेळी मुख्य उपाय एकच : भरपूर पाणी पाजून ही उलाढाल वाढवायची. तिथे आयोडीनची गोळी देणे म्हणजे पायाला लागले म्हणून डोळ्यांत औषध घालण्यासारखे आहे.

आयोडीनच्या गोळीचे कामही आपण समजतो तसे नाही. ती शरीरातून काहीच काढत नाही. ती थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते. एसटीच्या सगळ्या जागा भरल्या की मागून आलेल्याला आत घेत नाहीत, तसे हे आहे. म्हणून इथे वेळेला महत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार संपर्काच्या आधीच्या २४ तासांपासून नंतरच्या २ तासांपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. ८ तासांपर्यंत घेणेही समर्थनीय. पण २४ तासांनंतर घेतल्यास फायद्यापेक्षा तोटा होण्याचा संभव अधिक, कारण आत शिरलेले किरणोत्सारी आयोडीन मग ग्रंथीतच जास्त काळ अडकून पडते. उतारा उशिरा घेतला तर कमी उपयोगी पडेल, इतकेच आपण समजतो. इथे तो उलटू शकतो.

निळी पूड आणि गोयानिया

आता या शब्दप्रयोगातल्या सत्याच्या वाट्याकडे वळू. शरीरात शिरलेले किरणोत्सारी द्रव्य खरोखर बाहेर काढणारे एक औषध आहे, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते परीक्षानळीत स्वतः तयार केले आहे. फेरिक क्षाराच्या द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइड घातले की जो गडद निळा साका येतो, तोच हा प्रशियन ब्लू. सेंद्रिय पदार्थातील नायट्रोजन ओळखण्याच्या लॅसेन कसोटीत दिसतो तो निळा रंगही हाच. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तो चित्रकारांचा रंग म्हणून जन्माला आला. १९६० च्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याचा हा वेगळा उपयोग पुढे आला.

त्याची रचना लोह आणि सायनाइड यांच्या घनाकृती चौकटींची असते. या चौकटींच्या पोकळीत सिझियमचा आयन नेमका बसतो. सायनाइडचे नाव ऐकून दचकायला नको. ते लोहाशी इतके घट्ट बांधलेले असते की पोटात सुटे होत नाही, आणि हा अविद्राव्य पदार्थ आतड्यातून रक्तात जात नाही. मग रक्तात न जाणारे औषध स्नायूंतले सिझियम कसे काढते? खरी गंमत इथेच आहे. शरीरातले सिझियम पित्तातून आणि आतड्याच्या भिंतीतून सारखे आतड्यात उतरत असते आणि तिथून पुन्हा रक्तात शोषले जात असते. ही फेरी चालू असते. प्रशियन ब्लू आतड्यात या वाटेवर बसून उतरलेले सिझियम धरून ठेवतो आणि विष्ठेवाटे बाहेर नेतो. स्नायूंपर्यंत त्याला जावेच लागत नाही.

या औषधाची माणसांवरील मोठी कसोटी ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात लागली. रेडिओथेरपीची एक खाजगी संस्था जागा सोडून गेली होती आणि तिचे सिझियम-१३७ चे यंत्र ओसाड इमारतीत तसेच राहिले होते. १३ सप्टेंबर १९८७ रोजी दोघांनी त्याचा धातूचा भाग भंगारासाठी काढून नेला. आत ५०.९ टेराबेकरेल एवढे किरणोत्सारी सिझियम क्लोराइड होते. मिठासारखीच ही पूड, पाण्यात सहज विरघळणारी आणि अंधारात निळसर चमकणारी. लोकांनी ती घरोघर वाटली, कोणी अंगाला चोळली. एका सहा वर्षांच्या मुलीने पुडीने माखलेल्या हातांनी खाल्ले. २९ सप्टेंबरला, म्हणजे सोळा दिवसांनी, एका भौतिकशास्त्रज्ञाने उसन्या आणलेल्या मापकाने हा प्रकार ओळखला. त्यानंतर एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली, २४९ जण दूषित आढळले आणि ४६ जणांना प्रशियन ब्लू दिला गेला. चौघे त्याच ऑक्टोबरात दगावले. त्यात ती मुलगीही होती.

या अपघाताचा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल, आणि पुढे याच नोंदींवर आधारलेली माहिती, या औषधाच्या बाजूने सर्वत्र सांगितली जाते. त्यातला एक आकडा फार फिरतो : ‘प्रौढांमध्ये ६९ टक्के परिणाम’. हा आकडा जसा वाचला जातो तसा तो नाही, असे आमचे म्हणणे आहे. गोळ्या घेतल्या आणि ६९ टक्के सिझियम निघून गेले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ६९ टक्क्यांनी घटला तो अर्धायुकाल. औषधाविना प्रौढांच्या शरीरातले सिझियम निम्मे व्हायला सुमारे ८० दिवस लागत होते. औषध चालू असताना सुमारे २५ दिवस लागले. लहान मुलांत ही घट ४३ टक्केच दिसली. पण म्हणून औषध मुलांना लागू पडले नाही असा निष्कर्ष काढणे चूक होईल. मुलांचे शरीर मुळातच सिझियम लवकर टाकते, सुमारे ४२ दिवसांत निम्मे. ते २४ दिवसांवर आले. मुले आणि प्रौढ जवळजवळ एकाच ठिकाणी पोचले. निघाले होते वेगवेगळ्या ठिकाणांहून.

आणखी एक गोष्ट. इथे औषध दिलेला एक गट आणि न दिलेला दुसरा, असा प्रयोग झालेला नाही. होऊही शकत नव्हता, कारण औषध हाती असताना ते मुद्दाम कोणाला नाकारणार? तेव्हा त्याच रुग्णाचा औषध चालू असतानाचा काळ आणि बंद केल्यानंतरचा काळ यांची तुलना केली गेली. ही तुलना ग्राह्य आहे. विष्ठेतून जाणाऱ्या सिझियमचे प्रमाण औषध सुरू असताना ठळकपणे वाढलेले दिसले. मात्र तिच्यावरून सिद्ध होते ते सिझियम लवकर बाहेर पडते एवढेच. त्यामुळे किती कर्करोग टळले हे सांगण्याइतकी माणसेही नव्हती आणि तशी तुलनाही नव्हती. ‘जीव वाचवणारी गोळी’ म्हणणाऱ्यांनी ही पायरी गाळलेली असते.

वेळ आणि हिशेब

सहा वर्षांच्या त्या मुलीच्या शरीरात सुमारे १ गिगाबेकरेल, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी केंद्रके फुटतील एवढे सिझियम गेले होते. स्रोत ओळखला जाईपर्यंत तिच्या अस्थिमज्जेचे नुकसान होत राहिले. निखारा पदरातून काढता येतो, भाजलेली जागा त्याने भरून येत नाही. औषध पुढची इजा कमी करते, झालेली इजा पुसत नाही.

पुढची इजा किती कमी होते, हे वर्गात काढता येईल. सर्वसाधारण प्रौढासाठी औषधाविना ११० दिवस आणि औषधाने ३० दिवस असे अर्धायुकाल सामान्यतः दिले जातात. ९० दिवसांनी औषध घेणाऱ्याच्या शरीरात सिझियमचा आठवा हिस्सा उरेल. न घेणाऱ्याच्या शरीरात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के उरेल. विद्यार्थ्यांना दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढू द्यावेत. वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे एकूण मात्रेचे माप. पहिल्या दिवसापासून औषध मिळाले तर ती मात्रा पावपटीच्या आसपास येते. सोळा दिवस उशिराने मिळाले तर त्या सोळा दिवसांची पट्टी, जिथे वक्र सर्वांत उंच असतो, तशीच राहते. हा आलेख काढलेला विद्यार्थी ‘गोळी घेतली की झाले’ असे पुन्हा म्हणणार नाही.

‘काढून टाकले’ म्हणजे कुठे टाकले?

शेवटचा दोष ‘काढून टाकणे’ या शब्दांतच आहे. कोणतेही औषध किरणोत्सार नष्ट करत नाही. अणूचे केंद्रक रासायनिक क्रियेला दाद देत नाही. सिझियम-१३७ निम्मे व्हायला सुमारे ३० वर्षे लागणार म्हणजे लागणारच, मग ते स्नायूत असो की निळ्या पुडीत. औषध फक्त त्याची जागा बदलते. म्हणून गोयानियात रुग्णांचे मलमूत्र गोळा करून मोजावे लागले आणि किरणोत्सारी कचरा म्हणूनच हाताळावे लागले. त्या शहरातून एकंदर सुमारे साडेतीन हजार घनमीटर कचरा निघाला : घरांचे तुकडे, माती, कपडे, भांडी. अवघ्या ९३ ग्रॅम पुडीपायी हे सगळे झाले. ‘शरीरशुद्धी’ची भाषा करणारे हा हिशेब कधी मांडत नाहीत. हळदीने, तुळशीने किंवा एखाद्या काढ्याने किरणोत्सार ‘धुऊन निघतो’ असे कोणी सांगितले, तर तो निघून कुठे गेला आणि तिथे कोणी मोजला, एवढेच विचारावे.

दुसऱ्या टोकाला जाऊ नये

ही झडती वाचून ‘म्हणजे सगळे थोतांडच’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही आम्हाला मान्य नाही. एप्रिल १९८६ मधील चेर्नोबिलच्या स्फोटानंतर पोलंडने तीन दिवसांत आयोडीन वाटायला सुरुवात केली आणि सुमारे १ कोटी ५ लाख मुले व ७० लाख प्रौढ यांना ते पोचवले. बेलारूस, युक्रेन व रशियाच्या दूषित भागांत मात्र मुले किरणोत्सारी आयोडीन असलेले दूध पीत राहिली. त्या मुलांत पुढे थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण निघाले. पोलंडमध्ये मुळात आयोडीन कमी पोचले होते, हे खरे. तरी वेळेवर दिलेली साधी गोळी आणि काही आठवडे थांबवलेले दूध यांची किंमत यावरून कळते. नॉर्वेत चेर्नोबिलनंतर मेंढ्या, शेळ्या आणि रेनडियर यांना चाटणाच्या मिठातून प्रशियन ब्लूच्या जातीची संयुगे देऊन दूध व मांस यांतले सिझियम कमी करण्यात आले. अमेरिकेने २००३ मध्ये प्रशियन ब्लूला औषध म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे दिल्लीच्या ‘इन्मास’ या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या प्रशियन ब्लूच्या औषधाला २०२३ मध्ये उत्पादनाची परवानगी मिळाली. तेव्हा ही खरी औषधे आहेत. मोठ्यांना दिवसाला ९ ग्रॅम, महिनाभर किंवा अधिक, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बद्धकोष्ठावर आणि रक्तातल्या पोटॅशियमवर लक्ष ठेवून ती द्यायची असतात. रंगाच्या दुकानातली निळी पूड किंवा प्रयोगशाळेतला साका म्हणजे हे औषध नव्हे, हे विद्यार्थ्यांना बजावून सांगावे.

म्हणून आमची सूचना अशी की, शिक्षकांनी ‘किरणोत्सारविरोधी गोळी’ हा शब्दप्रयोग वर्गात वापरू नये, आणि विद्यार्थ्याने वापरला तर त्याला चार प्रश्न विचारावेत. शरीराला नुसते किरण लागले, की किरणोत्सारी पदार्थ आत गेला? गेला असेल तर मूलद्रव्य कोणते, आणि ते शरीरात कुठे बसते? औषध त्याला आत शिरू देत नाही, की बाहेर काढते, आणि कोणत्या वाटेने? आणि हे होत आहे हे कशाने मोजले, किती उशिराने मोजायला सुरुवात केली? पहिले तीन प्रश्न रसायनशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या पुस्तकांत बसतात. चौथा कोणत्याही पुस्तकात नेमका बसत नाही, पण गोयानियात सारे अडले होते ते त्याच प्रश्नापाशी. औषध जगात उपलब्ध होते. सोळा दिवस कमी पडला तो मोजणारा माणूस.